मांजराच्या नजरेतून पाहिल्यास रोजच्या सुखाबद्दल बौद्ध विचार काय सांगतो?

बौद्ध विचार सुखद संवेदना नाकारत नाही. त्या संवेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून उपादान, म्हणजे धरून ठेवण्याची धडपड, निर्माण होते तेव्हा दुःखाला सुरुवात होते. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या ओट्यावर थंडीच्या दिवसांत ऊन खात पडलेले मांजर पाहावे: ऊन सरकले की ते उठते, पाठीची कमान करून आळोखेपिळोखे देते आणि हातभर पलीकडे पुन्हा अंग टाकते, कालचे ऊन अधिक उबदार होते, हे त्याच्या गावीही नसते. तरीही त्याला अर्हत, म्हणजे तृष्णेतून पूर्ण मुक्त झालेला साधक, ठरवण्याची घाई नको, कारण तेच मांजर दुपारी चिमणीवर झडप घालते आणि करुणेचा विषय तिथेच मिटतो. मांजराची अनासक्ती उपजत असते, माणसाला ती सरावाने कमवावी लागते. नाशिक जिल्ह्यातच, इगतपुरीच्या धम्मगिरीवर, 10 दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले 3 दिवस केवळ श्वासाचे निरीक्षण करवून घेतात आणि चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहण्यास शिकवतात. तेवढी सवड नसल्यास सकाळच्या चहाच्या वेळी मोबाइल दूर ठेवून कपाची ऊब तळहाताला कशी जाणवते आणि आणखी अर्धा कप हवा ही इच्छा नेमकी केव्हा उठते, एवढेच पाहावे.