गो गेला ना? मग हात काढ

तुझा मेसेज वाचला. त्यात तू तीन ठिकाणी माफी मागितलीयस आणि त्यातली एक मेसेज लांब झाला म्हणून. अगं बाई, मी रिटायर्ड माणूस, मला लांब मेसेज वाचायला वेळच वेळ आहे.

तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते ऐकून ऐकून तुझे कान किटलेत आणि त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही. रिपोर्ट मागच्या आठवड्यातच तयार होता, मॅनेजरने दोनदा मागितला, आणि तू अजून त्यातले फॉन्ट आणि कॉमे बघत बसलीयस, रात्री एक वाजता उठून परत लॅपटॉप उघडतेस, आणि आता म्हणतेस मी या नोकरीच्या लायकीचीच नाही, राजीनामा देते. आणि मग अगदी शेवटी, जसं काही सहज आठवलं म्हणून, ते बाबांचं. ९४ टक्के पडले तेव्हा पेढ्यांच्या आधी प्रश्न आला, सहा कुठे गेले. ज्या दिवशी याहून कमी पडायचे त्या दिवशी घरात काय व्हायचं ते तू लिहिलंच नाहीस, नुसती टिंबं दिलीस. मला कळली ती टिंबं.

मी नाशिकच्या सातपूरला कारखान्यात उभं आयुष्य क्वालिटीत, म्हणजे बनलेले पार्ट तपासण्यात काढलं, तिथलंच सांगतो, दुसरं मला फार येत नाही. समज २५ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे पार्टमधलं गोल भोक आहे आणि ड्रॉइंगवर एच-सेव्हन लिहिलंय, म्हणजे २५.००० पासून २५.०२१ पर्यंत कुठेही चालेल, २१ मायक्रॉनची सूट. तपासायला प्लग गेज, म्हणजे भोकात घालून बघायची दांडी, एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो आत गेला, नो-गो अडला, जॉब पास. किती छान पास झाला ते गेज सांगत नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही. आता दरवर्षी एखादं नवीन पोरगं असायचंच, तुझ्यासारखं जीव ओतणारं. बोअर पास झालेला असायचा, तरी म्हणायचं सर अजून एक हलका कट मारतो, फिनिश भारी येईल. मारायचं, भोक मोठं व्हायचं, आणि नो-गो सटकन आत. स्क्रॅप. मी अख्ख्या शॉपला ऐकू जाईल असं ओरडायचो, अरे गो गेला ना? मग हात काढ!

तुलाही तेच सांगतोय. तुझ्या रिपोर्टचा गो कधीच गेलाय. हात काढ.

पण तू काढणार नाहीस, कारण तुझ्या हातात जे ड्रॉइंग आहे त्याच्यावर टॉलरन्सच, म्हणजे ती सूटच लिहिलेली नाही. असं ड्रॉइंग मी कधी बघितलेलं नाही, कितीही महागाचा पार्ट असू दे. टूल झिजतं, मशीन गरम होतं, आणि मोजमापसुद्धा २० डिग्रीला खरं धरतात, आपल्या मे महिन्यात स्टीलही फुगतं. हे ज्याला कळतं तो सूट देऊनच ड्रॉइंग काढतो. तुझं ड्रॉइंग ज्याने काढलं त्याचं तेव्हा डोकं फिरलेलं होतं, आणि तू सात-आठ वर्षांची होतीस.

त्या वयात मूल घर सोडून जाऊ शकत नाही, बापाचा मूडही बदलू शकत नाही. मग ते एकच हिशेब करतं, मी सगळं नीट केलं तर आज आवाज चढणार नाही. आणि गंमत बघ, कधीकधी खरंच चढत नाही. कधीच उपयोग झाला नसता तर सोडून दिलं असतं गं, पण अधूनमधून होतो म्हणून ती सवय हाडात मुरते. पुढे बाप लांब, तू हिंजवडीत, तरी सेंडचं बटण दाबताना पोटात तोच गोळा. परत एकदा तपासलं की दोन मिनिटं बरं वाटतं, आणि त्या दोन मिनिटांसाठी तू रात्रभर तपासत बसतेस. याला तू स्वतःची शिस्त म्हणतेस, अभिमानाने म्हणतेस, म्हणून राग येतो मला.

माझे वडील लासलगावला एका आडत्याकडे मुनीम होते. हिशेब जुळल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. माझ्या वहीत एक अक्षर खाडाखोड झालं की ते पान फाडायचे, ओळ खोडून पुढे लिहू द्यायचे नाहीत, अख्खं पान. आणि फाडताना चिडायचेही नाहीत, पट्टी लावून शिवणीपासून सरळ फाडायचे, की दुसरीकडचं पानही सुटं व्हायचं, मग तेही परत लिहायचं. त्यामुळे मी आधी पेन्सिलीने लिहायला लागलो आणि मग वरून शाई फिरवायला. बँकेची स्लिप मी आजही आधी पेन्सिलीने भरतो, हस तू. आणि अंबडला स्वतःचा जॉबवर्कचा गाळा टाकायचा होता, त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट बँकेत गेलाच नाही, कारण तो पेन्सिलीतच राहिला. माझ्या मित्राने माझ्याच आकड्यांवरून चार पानं खरडून दिली, त्याला लोन मिळालं. आज त्याच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीनं आहेत आणि माझ्याकडे अजून ती फाईल आहे, फार सुंदर फाईल आहे.

बायकोने ढकलत नेलं म्हणून रिटायर झाल्यावर कॉलेज रोडला एका काउन्सेलर बाईंकडे जायला लागलो, त्यांच्यामुळे थोडं वाचन झालं. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोघांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे, म्हणजे सगळं निर्दोषच हवं या हट्टाचे, तीन भाग पाडले. एक स्वतःकडून मागणारा, एक दुसऱ्यांकडून मागणारा, आणि तिसरा, ज्याला वाटतं की सगळं जग माझ्याकडून मागतंय. डिप्रेशनशी घट्ट नातं या तिसऱ्याचं. आणि थॉमस करन, अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या ४० हजारांवर कॉलेजच्या पोरांची १९८९ ते २०१६ मधली उत्तरं जमवली, तर तिन्ही वाढलेत पण सगळ्यात जास्त हाच. म्हणजे तू काही जगावेगळी नाहीस. आणि हेही ऐक, अशा प्रत्येक माणसाचं बालपण वाईटच असतं असं नाही, काहींचा स्वभावच तसा असतो, कॉम्पिटिशनही असते. पण तुझी टिंबं वाचून मला तुझ्याबाबतीत शंका नाही.

आता करायचं काय. बाईंनी मला करायला लावलं तेच तू कर, सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायची जी उपचारपद्धत आहे, तिच्यात करतात हे. मुद्दाम एक छोटी चूक ठेवून मेल पाठव, जीव जाणार नाही अशी, एखादा कॉमा राहू दे. पाठवायच्या आधी कागदावर लिही की आता काय होईल असं वाटतंय, अगदी खरं लिही, मॅनेजर सगळ्यांसमोर बोलेल, काढून टाकतील, जे असेल ते. दोन दिवसांनी त्याच्याशेजारी लिही प्रत्यक्षात काय झालं. हे मनातल्या मनात करू नकोस, मनाला सोयीचं तेवढंच आठवतं. आणि एकदा करून थांबू नकोस, तुझ्या पोटाला एका मेलने पटणार नाही.

लगेच म्हणशील काका, तुम्हीच तर आमच्या ट्रेनिंगमध्ये एका मायक्रॉनवरून जॉब परत पाठवायचात. पाठवायचो! आजही पाठवेन. मला खडूस म्हणायचे सगळे, म्हणू देत. तो पार्ट कोणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये जाणार असायचा. पण टॉलरन्सच्या आत आलेल्या जॉबवरून मी कधी कोणाला छळलं नाही, आणि जॉब स्क्रॅप झाला म्हणून पोराला स्क्रॅप म्हटलं नाही. हा फरक ज्याला कळत नाही तो म्हणतो क्वालिटी म्हणजे असंच छळायचं असतं. मूर्खपणा आहे. गो गेला की हात काढायचा, हीच क्वालिटी.

राजीनाम्याचं आत्ता बोलूच नकोस, या अवस्थेत घेतलेला निर्णय तुझा नाही, त्या सात वर्षांच्या पोरीचा आहे. झोप उडालीय, जेवण जात नाही म्हणतेस, तर मेल पाठवायचे प्रयोग एकटीने करत बसू नकोस, चांगला काउन्सेलर बघ. तोपर्यंत रात्री अगदीच असह्य झालं तर १४४१६ लाव, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहिलं बाबांचं. त्यांना जाब विचारू का म्हणतेस. मी माझ्या वडिलांना विचारलं नाही, ते गेले. नंतर कळलं की हिशेबात फरक निघाला की मालक त्यांच्या पगारातून कापायचा. ते कळून राग गेला का, तर फारसा नाही, पान फाडणारे हात त्यांचेच होते. तुला विचारायचं तर विचार, पण दिवाळीला सगळे असताना नको, आणि ते सॉरी म्हणतील या आशेवर तर मुळीच नको, बहुतेक म्हणतील की आम्ही तुमच्या भल्यासाठीच केलं. ते ऐकायची तयारी झाली की मग जा. आणि काउन्सेलिंगच्या पहिल्या काही सिटिंगनंतर कदाचित आधीपेक्षा वाईट वाटेल, नको तेवढं आठवायला लागतं, मी तर पळणार होतो. तेव्हा मला फोन कर, मेसेज नको, तो तू चार वेळा एडिट करशील.