माळ्यावरचा विष्णू, विहिरीतला वीरगळ आणि लिलावातला बाळकृष्ण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ठाण्यातील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्यापासून या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख बदलला आहे. पूर्वी ‘ही वस्तू किती जुनी?’ असे विचारले जाई. आता ‘ही विकली तर किती येतील?’ असे विचारले जाते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दुसऱ्याचे उत्तर वस्तूपेक्षा तिच्यासोबत असलेल्या कागदांवर अधिक अवलंबून असते, हे खालील पत्रांवरून ध्यानात येईल.

नौपाड्यातील आमचे घर रिकामे करताना माळ्यावरून काळ्या दगडाची, सुमारे दोन फूट उंचीची विष्णुमूर्ती उतरवली. आजोबांनी ती गावाहून आणली होती. एक मध्यस्थ म्हणतो, ‘नोंदणीच्या भानगडीत पडू नका, आम्ही परस्पर परदेशात पाठवतो, चाळीस लाख मिळतील.’ काय करावे?

त्या मध्यस्थाला चहा पाजून वाटेला लावावे आणि त्याच्याकडे मूर्तीचे फोटो गेले असतील, तर ते कोणत्या तारखेला दिले याची नोंद ठेवावी. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवणे हा १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे आणि निर्यातीच्या गुन्ह्याला किमान सहा महिन्यांची कैद सांगितलेली आहे. मूर्ती कंटेनरमध्ये फर्निचरच्या आड गेली काय किंवा ‘हस्तकलेची वस्तू’ म्हणून गेली काय, पकडली गेल्यावर तपास मूळ घरापर्यंत येतो, आणि तोवर मध्यस्थाचा फोन बंद झालेला असतो.

देशातल्या देशात मात्र अशी मूर्ती बाळगता येते आणि विकताही येते. त्यासाठी दगडी, धातूच्या व लाकडी मूर्तींची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह नोंदणी करावी लागते आणि मालकी बदलली की तेही कळवावे लागते. आपल्याला उशीर झाला आहे हे खरे. पण तो लपवण्यासाठी आणखी उशीर करणे अधिक महागात पडेल. चांगल्या वकिलाला सोबत घेऊन, मूर्ती घरात केव्हा व कशी आली हे प्रतिज्ञापत्रावर लिहून नोंदणीचा अर्ज करावा.

आता मूर्तीविषयी. आपण पाठवलेल्या फोटोंत खालच्या उजव्या हातात कमळ, वरच्या उजव्या हातात शंख, वरच्या डाव्या हातात चक्र आणि खालच्या डाव्या हातात गदा दिसते. विष्णूची चोवीस रूपे ही आयुधांच्या क्रमावरून ओळखली जातात आणि हा क्रम केशवाचा आहे. नकली मूर्ती घडवणारे हात पुष्कळदा इथेच चुकतात, कारण ते प्रभावळीच्या नक्षीवर जीव ओततात आणि आयुधे ‘कुठेतरी’ बसवतात. नाक झिजले आहे, गुडघे गुळगुळीत झाले आहेत, पण प्रभावळीच्या खोल सांध्यांत छिन्नीचे टोक अजून जाणवते. झीज अशी उंचवट्यांवर जास्त आणि खाचांत कमी असली की ती हातांनी व पाण्याने झालेली असण्याचा संभव वाढतो. सगळीकडे एकसारखी झीज दिसली असती, तर मी आम्लाचा संशय घेतला असता. मूर्ती भंगलेली आहे, हेही मला खटकत नाही. भग्न मूर्तीची पूजा करीत नाहीत, ती पाण्यात सोडतात. शिलाहारांची राजधानी असलेल्या या ठाण्यात तळ्यांच्या गाळातून मूर्ती निघाल्या त्या अशाच. तरीही केवळ फोटोंवरून मी काळ सांगणार नाही.

पत्राच्या शेवटी आपण जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, ती मला सर्वांत मोलाची वाटते: १९६२ च्या गणपतीतला एक कृष्णधवल फोटो घरात आहे आणि त्यात मखरामागे ही मूर्ती दिसते. तो फोटो फ्रेममधून काढू नका, त्याच्या मागचा स्टुडिओचा शिक्का पुसू देऊ नका आणि उत्तम प्रत काढून ठेवा. मूर्ती कायदा येण्याच्या आधीपासून आपल्या घरात आहे, हे सांगणारा तोच एक साक्षीदार आहे. भारतातील कोणतेही जबाबदार लिलावगृह आधी हेच विचारेल.

किमतीबद्दल दोन शब्द. नोंदणीकृत मूर्तीला ग्राहक फक्त देशातला असल्यामुळे इथला भाव न्यूयॉर्कच्या भावाच्या जवळपासही जात नाही. तिथे २०१७ मध्ये पाल राजांच्या काळातील लोकनाथ अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची काळ्या दगडाची मूर्ती सुमारे २ कोटी ४६ लाख डॉलरला गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक मध्यस्थाच्या तोंडी तो आकडा आहे. त्याच्याशी आपला संबंध नाही. शिवाय विक्रीच्या नफ्यावर कर लागतो, कारण घरातले कपाट विकण्याला जी सूट आहे ती मूर्ती आणि चित्रांना नाही. १ एप्रिल २००१ पूर्वीपासून कुटुंबात असलेल्या वस्तूची त्या दिवशीची वाजवी बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, तेव्हा मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल विक्रीच्या आधी घ्यावा.

मुरबाडकडच्या आमच्या शेतात विहीर खोल करताना एक उभा कोरीव दगड निघाला. खाली पडलेले योद्धे, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग आणि चंद्र-सूर्य आहेत. आम्ही तो कळव्याच्या घरी आणला आहे. लिलावात द्यावा का?

नाही. हा वीरगळ आहे: खालच्या चौकटीत लढाईत पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवासमोर पोचलेला तोच वीर, आणि चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याची कीर्ती राहो ही प्रार्थना. बोरिवलीजवळ एकसरला असे वीरगळ अजून उभे आहेत, आणि त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे.

जमीन आपली असली, तरी जमिनीखाली सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि सापडलेली वस्तू दहा रुपयांहून अधिक मोलाची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्याचे काम आहे. दहा रुपये हा आकडा आज वाचताना हसू येते, पण कायदा तोच आहे. आपण दगड कळव्याला आणलात ही चूक झाली. हेतू चांगला असला, तरी जागेवरून हलवलेल्या वीरगळाचे निम्मे बोलणे संपते, कारण कोणत्या गावाच्या कोणत्या वेशीवर कोण लढले हे त्या जागेवरूनच कळते. विहिरीची जागा, खोली आणि दगड कसा आडवा-उभा होता याची चित्रासह नोंद आजच करा, तहसीलदारांमार्फत कळवा, आणि दगड घासून धुऊ नका. चौकटींमधल्या पट्ट्यांवर अक्षरे असण्याची शक्यता असते.

वाशीला राहतो. ऑनलाइन लिलावात ‘रांगता बाळकृष्ण, पितळ, दख्खन, १८व्या शतकाच्या शैलीत’ अशी मूर्ती घेतली. बोली १ लाखाला सुटली, पण बिल बरेच जास्त आले. मूर्ती खरी आहे ना?

बिलापासून सुरुवात करतो. हातोडी ज्या किमतीवर पडते तिच्यावर लिलावगृह खरेदीदाराकडून आपले शुल्क घेते. ते उदाहरणादाखल २० टक्के धरले, तर १ लाखाचे १ लाख २० हजार होतात आणि त्यावर जीएसटी, वाहतूक व विमा येतो. हे सारे अटींमध्ये छापलेले असते. आपण अटी न वाचता ‘मान्य’वर बोट दाबलेत, तेव्हा तक्रार करायला फारशी जागा नाही.

खरी अडचण वर्णनातल्या एका शब्दात आहे. ‘१८वे शतक’ आणि ‘१८व्या शतकाच्या शैलीत’ यांत दोनशे वर्षांचा फरक असू शकतो. पहिल्यात लिलावगृह काळाविषयी स्वतःचे मत देते. दुसऱ्यात ते एवढेच सांगते की मूर्ती तशी दिसते. त्यातच वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकल्याची अट असेल, तर घरी आल्यावर वाद घालणे कठीण होते. मूर्ती खरोखर शंभर वर्षांहून जुनी म्हणून विकली जात असती, तर तिचा नोंदणी क्रमांक द्यावा लागला असता. तो बोली लावण्यापूर्वी विचारायचा. ‘मागाहून देऊ’ असे उत्तर आले, तर बोलीचे पान बंद करायचे.

आपण मूर्ती घेऊन आलात आणि मी ती दहा पट भिंगाखाली पाहिली, म्हणून नेमके सांगता येते. उजव्या तळहातावरचा लोण्याचा गोळा आणि कपाळावरचे कुरळे केस यांच्या कडा धारदार आहेत. देवघरातल्या बाळकृष्णाला पिढ्यान् पिढ्या चिंच-राखेने घासले जाते, रोज स्नान घातले जाते, त्यामुळे नाक, ओठ आणि पोटाचा गोल भाग आधी विरघळल्यासारखा होतो. इथे पोट चकचकीत आहे पण ओठ काल कोरल्यासारखे आहेत. काखेत आणि कमरपट्ट्याच्या खाचेत हिरवा गंज दिसतो, म्हणून नेलपॉलिश काढायच्या द्रावात भिजवलेला कापूस तिथे दाबला, तर कापूस हिरवा झाला आणि खाली पिवळे पितळ निघाले. खरा गंज असा सुटत नाही. हा रंग होता. उलटी करून पाहिल्यावर बैठकीच्या आतल्या बाजूला ग्राइंडरच्या समांतर गोल रेघाही दिसल्या. मूर्ती सुबक आहे, चेहऱ्यावरचा खट्याळपणा कारागिराला फार छान साधला आहे, पण माझ्या मते ती काही दशकांपलीकडची नाही. पूजेत ठेवावी, त्यासाठी ती अगदी योग्य आहे.

ऐरोलीहून: राम दरबार असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेले अर्ध्या आण्याचे नाणे आहे. करोड रुपये मिळतात असा मेसेज आला.

मिळत नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीने राम दरबाराचे नाणे कधी पाडलेच नाही. ही देवळांबाहेर विकली जाणारी टोकने आहेत. चमत्कारी म्हणून गळ्यात मारले जाणारे ‘तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे’ ही याच फसवणुकीची मोठी बहीण. नोंदणी शुल्क म्हणून कोणी आधी पैसे मागितले, तर सायबर पोलिसांचा १९३० हा क्रमांक फिरवावा.

रघुजी भोसल्यांची तलवार सरकारने लंडनच्या लिलावात पैसे मोजून का घेतली? आपलीच वस्तू परत का मागितली नाही? (एक निवृत्त शिक्षक, चरई)

गुरुजी, हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात आहे. एप्रिल २०२५ मध्ये सदबीजच्या लिलावातून राज्य शासनाने नागपूरकर भोसले घराण्यातील पहिल्या रघुजींची ही फिरंग सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. युरोपीय पाते आणि त्यावर देवनागरीत कोरलेले नाव, असा तिचा दुर्मीळ जोड आहे. ती इथून कशी गेली याविषयी सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतरची लूट किंवा नजराणा असे तर्क केले जातात, पण चोरी सिद्ध करणारा कागद नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे आणि तो मागे जाऊन लागू होत नाही. अशा वेळी कोर्टात वर्षे घालवून हरण्यापेक्षा बोली लावणे मला शहाणपणाचे वाटते, जरी आपल्याच तलवारीचे पैसे देताना मन खट्टू होते.

याउलट तमिळनाडूतील श्रीपुरंदनच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज पाहा. कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने तो २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरला घेतला आणि २०१४ मध्ये तो भारताला परत द्यावा लागला. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे तीच मूर्ती १९९४ मध्ये देवळात असल्याचे छायाचित्र होते, आणि त्या छायाचित्रासमोर विक्रेत्याचे बनावट कागद टिकले नाहीत. पिप्रहवा येथील बौद्ध स्तूपातली रत्ने हे तिसरे, मधले उदाहरण आहे: १८९८ च्या उत्खननातली ही रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात येणार होती, भारताने कायदेशीर नोटीस दिल्यावर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये एका भारतीय उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती परत आली. म्हणजे कधी पुरावा, कधी दबाव, कधी पैसा. आपल्या गावच्या देवळातील मूर्तींचे चारही बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढून ठेवलेत का? शाळेतल्या मुलांकडून एका रविवारात होणारे काम आहे.

नेरूळहून: मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्यासोबत आजीच्या पितळी समया, देवाचे चांदीचे टाक आणि हस्तिदंती कुंकवाचा करंडा पाठवायचा आहे.

करंडा पाठवू नका आणि विकायलाही काढू नका. हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे. ‘आमचा जुना आहे’ म्हणून सुटका होत नाही. समया आणि टाक यांचे वय शंभरच्या आत असेल, तर ते पुरावशेष नाहीत असे प्रमाणपत्र पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावे. त्यांच्या मुंबई मंडळाचे कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. सोबतच्या सामानात नेणे हीदेखील निर्यातच असते. आपण लिहिता की खंडोबाच्या टाकामागे सोनाराचे नाव आणि शके १८११ कोरले आहे. शके १८११ म्हणजे इसवी सन १८८९-९०. तो टाक शंभरी पार करून बसला आहे, तेव्हा खंडोबा नेरूळलाच राहतील.