पुंजी आहे, पण हात सुटत नाही

प्रश्न : वय ६८. घरखर्च बराचसा पेन्शनवर भागतो, शिवाय पुंजीतून वर्षाला साधारण २ टक्के काढतो. पैसा पुरेल असं सगळे म्हणतात, तरी स्वतःसाठी मोठा खर्च करायचा म्हटलं की हात आखडतो. नेमका किती खर्च चालेल?

उत्तर : ‘पुरेल’ एवढं ऐकून कुणाचा हात सैल होत नाही, त्याला आकडा लागतो. राहतं घर सोडून पुंजी १०० भाग धरा. २० भाग आजारपण आणि म्हातारपणच्या देखभालीसाठी वेगळे काढा. उरले ८०. वय ९५ पर्यंत धरलं तर २७ वर्षं (जोडीदार लहान असेल तर हिशेब त्यांच्या वयाचा). ८० भागिले २७, म्हणजे जवळपास ३ भाग. तुम्ही काढता २. उरलेला एक भाग दरवर्षी हौसेचा.

यात कर वजा जाता परतावा महागाईइतका धरलाय. तो वर्षाला एक टक्का जरी कमी पडला, तर ३ भागांचे सुमारे अडीच होतात. सगळी रक्कम मुदत ठेवीत असेल तर अडीचच धरा. दरवर्षी ठरावीक तारखेला शिल्लक पुन्हा मोजा आणि उरलेल्या वर्षांनी भागा.

अनेक जण ‘४ टक्क्यांचा नियम’ (पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढे ती रक्कम महागाईइतकी वाढवत न्या) डोळे मिटून लावतात. अमेरिकन आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये मांडलेला तो हिशेब अमेरिकेतले शेअर आणि रोखे, तोही किमान निम्मा पैसा शेअरमध्ये, आणि ३० वर्षांचा काळ धरून केलेला आहे. तुमची पुंजी तशी नसेल तर तो आकडा तुमचा नाही.

पैसा शेअरमध्ये असेल तर खरा धोका निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांत. ३० टक्के घसरण भरून यायला ४३ टक्के वाढ लागते, आणि घसरणीत विकून खाल्लेले शेअर ती वाढ पाहायला उरत नाहीत. म्हणून दोन-तीन वर्षांची उचल ठेवीत हवी.

आता हौसेच्या भागाबद्दल. तो वेगळ्या खात्यात टाका आणि वर्षाअखेरी उरलेलं पुंजीत परत नेऊ नका. योजना इथेच फसते : ‘यंदा राहू दे’ म्हणत रक्कम पुन्हा गुंतवली जाते. दरवर्षी सारखाच खर्च करायचीही गरज नाही. लांबचे प्रवास गुडघे साथ देताहेत तोवर, म्हणजे पंचाहत्तरीच्या आत उरका. त्यासाठी पुढच्या दोन-तीन वर्षांचा हौसेचा भाग आधी वापरला तरी चालेल, फक्त तेवढी वर्षं नवा काढू नका. श्रवणयंत्र, न्हाणीघरातला आधाराचा दांडा, कामाला मदतनीस यांना मात्र चैन म्हणू नका. दुसरं घर घेण्याचा मोह टाळा. प्रवासाचा खर्च परतलात की संपतो, घराचा दरवर्षी उभा राहतो.

प्रश्न : मुलांना आताच द्यावं की मागे ठेवावं?

उत्तर : देणार असाल तर गरजेच्या वेळी द्या. तुम्ही नव्वदीत गेलात तर मुलंही बहुधा साठीच्या आसपास असतील; तेव्हा त्या पैशाचं त्यांना फारसं अप्रूप नसतं. पण देणं ८० भागांतून, देखभालीच्या २० मधून नाही. एकदम न देता टप्प्याने द्या, आणि उसने की भेट हे कागदावर लिहा. भावंडांमधले वाद अशा संदिग्धतेतून निघू शकतात. राहतं घर जिवंतपणी नावावर करून देऊ नका.

प्रश्न : वय ७२. पंधरा वर्षं पैसे अडकवणारी, ‘हमखास मासिक उत्पन्न’ देणारी योजना सुचवली जातेय. घ्यावी का?

उत्तर : मधेच मोडली तर हाती किती येईल, हे लेखी मागा. उत्पन्न महागाईबरोबर वाढतं का, हेही विचारा. वाढत नसेल तर ६ टक्के महागाईत १२ वर्षांनी त्याची किंमत निम्मी उरेल, आणि तेव्हा तुम्ही ८४ वर्षांचे असाल. दोन्हींचं स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.