चिऱ्याचे घर, मुलांची सुट्टी आणि मृगाचा पाऊस

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमच्या आजोबांची वाडी आहे. तेथील मातीचे जुने घर पडले असून, एप्रिल-मेमध्ये दोन मुलांसह चुलतकाकांच्या पडवीत राहून दोन खोल्या, ओटी आणि पडवी असे चिऱ्याचे कौलारू घर उभारावे असा विचार आहे. मुलांची सगळी सुट्टी सिमेंट-वाळूत जाऊ नये, एखादा गड चढावा, खाडी ओलांडून पलीकडचा किनारा पाहावा, असेही मनात आहे. दोन महिन्यांत हे सारे जमेल का, आणि कामाच्या कोणत्या दिवसांत बाहेर पडावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फिरणे निश्चित जमेल. घराविषयी मात्र एक निर्णय आपण पायाची कुदळ मारण्यापूर्वीच घेतला पाहिजे, आणि तो म्हणजे या उन्हाळ्यात कौले चढवायची की जोत्यावर थांबायचे. मृग जूनच्या 7-8 तारखेला लागतो, म्हणून गवंडी आणि सुतार त्याच तारखेपर्यंतचा हिशेब सांगतात; पण 2020 साली निसर्ग चक्रीवादळ 3 जूनलाच रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडपर्यंत छपरे उडाली, तर 2021 साली तौक्ते वादळ मेच्या मध्यावरच आपल्या किनाऱ्याजवळून गेले. त्यामुळे शेवटचे कौल 25 मेच्या आत बसेल असाच हिशेब धरावा. माझ्या मते, 10 मेपर्यंत भिंती छपर टेकण्याच्या पाट्यापर्यंत आल्या नसतील, तर त्या वर्षी छपराचा हट्ट सोडून द्यावा.

जोत्यावर थांबण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जोत्यातला मातीचा भराव एक पावसाळा खाऊन नीट बसतो आणि पुढे जमीन खचण्याची भीती कमी होते. आम्ही दापोली तालुक्यात आमचे घर असेच दोन उन्हाळ्यांत बांधले आणि आज पुन्हा बांधायचे ठरले, तरी तसेच बांधू. मधल्या काळात चिरेही मुरतात. चिऱ्याचा जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागत गेली की कठीण होतो. म्हणून आधी काढून ठेवलेले चिरे मिळाले तर तेच घ्यावेत, आणि ज्या चिऱ्यात पांढऱ्या मातीचे पट्टे दिसतील तो बाजूला काढावा.

आपण विचारले नाही, तरी वाळूविषयी लिहिणे मला भाग आहे. आमच्या जुन्या पडवीच्या खांबांना पुरवठादाराने खाडीची वाळू दिली होती. दिसायला ती स्वच्छ होती. परंतु तिच्यातल्या क्षारांनी आतल्या सळया गंजल्या, गंजाने फुगल्या, आणि काही वर्षांतच काँक्रीटला उभ्या भेगा पडून त्याचे पोपडे सुटले. सळई असलेल्या कोणत्याही कामात खाडीची वाळू वापरू नये. हेच पाण्यालाही लागू आहे. खाडीलगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. चव घेऊन पाहावी, आणि पाणी खारट लागले तर ते काँक्रीट कालवण्यासही नको आणि वरून मारण्यासही नको.

आता बाहेर पडण्याचे दिवस. चिऱ्याची भिंत चढत असताना घरचे माणूस जागेवर हवेच, कारण ओळंबा, सांधे आणि दारे-खिडक्यांची जागा पाहावी लागते. शिवाय घाईत एका दिवसात दीड मीटरहून अधिक उंची चढवू देऊ नये. जोत्यावरचा आणि दारे-खिडक्यांवरचा काँक्रीटचा पट्टा ओतला की काम आपोआप मंदावते. साध्या सिमेंटला किमान सात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहा, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला दहा ते चौदा दिवस सतत ओलावा लागतो. हेच आपल्या फिरण्याचे दिवस आहेत. मात्र काँक्रीटवर पसरलेले ओले गोणपाट सुकू न देणारे एक मोठे माणूस घरी राहिलेच पाहिजे. आमच्याकडे आम्ही दोघांनी पाळी लावली होती : एका खेपेला मी मुलांबरोबर गेलो, दुसऱ्या खेपेला त्यांची आई गेली. कामगारांवर सोडलेले पाणी दुपारच्या जेवणानंतर बहुधा राहून जाते, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या खेपेला धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरावे. गाडी बोटीवर चढते, आणि चिपळूण-खेडचा मोठा वळसा वाचतो. दाभोळहून दापोलीमार्गे हर्णैला जाता येते. समोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर त्याच्या रक्षणासाठी असलेले कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड हे सारे एकत्र पाहिले, म्हणजे आंग्र्यांच्या आरमाराने हे ठाणे का जपले आणि 1755 साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने ते घेतल्यावर तुळाजी आंग्र्यांचे बळ का घटले, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. होडीने जायचे असल्यास सकाळीच जावे, कारण दुपारनंतर वारा वाढतो. आणि हा बेत मेच्या अखेरीस ढकलू नये, कारण पावसाळ्याच्या तोंडावर होड्या बंद होतात. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. परतताना दुपारच्या उन्हात पन्हाळेकाजीची 29 लेणी पाहावीत. कातळाच्या सावलीत मुलांना विसावाही मिळतो.

दुसऱ्या खेपेला खेड तालुक्यातला रसाळगड. शेजारचे सुमारगड आणि महिपतगड जोडून तिन्ही गडांची डोंगरयात्रा अनेक जण करतात. परंतु सुमारगडाची वाट अवघड आहे आणि मे महिन्यात लहान मुलांना तिकडे नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रसाळवाडीतून रसाळगडाची चढण लहान आहे. उजाडताच निघून, झोलाईदेवीच्या देवळात टेकून, माथ्यावरच्या तोफा पाहून ऊन तापण्याआधी खाली यावे. वाटेत करवंदाच्या जाळ्या लागतील, तेव्हा मुलांची पावले थोडी रेंगाळणार हे धरूनच निघावे.

घरपट्टीचे आणि परवानगीचे काम ग्रामपंचायतीत लवकर सुरू करावे. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावे असतील, तर त्यांची लेखी संमती आधी घ्यावी, आणि वाडी भरतीरेषेजवळ असेल, तर किनारी नियमनाच्या मर्यादा तपासल्याशिवाय चिरे उतरवू नयेत.

प्रश्न : हेदवीची बामणघळ मुलांना दाखवायची आहे. भरतीची वेळ पंचांगावरून कशी काढावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कोकणात जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले की भरतीचा साधारण तास मिळतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब शुद्ध आणि वद्य या दोन्ही पक्षांना चालतो. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते आणि दोन्हींच्या मध्ये ओहोटी असते. खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते, हे लक्षात ठेवावे.

बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद फट. भरतीच्या लाटा तिच्यात शिरून उंच उसळतात, म्हणून ती भरतीलाच पाहण्यासारखी असते, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या काठाशी जाणे धोक्याचे असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याचा जोर कमी असतो. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन दिवस उधाणाचे. मुले बरोबर असतील, तर भांगाचे दिवस निवडावेत, शेवाळलेल्या ओल्या कातळावर पाऊल टाकू देऊ नये, आणि जेथपर्यंत कातळ कोरडा आहे त्याच्याही मागे उभे राहावे. पोहायचे असल्यास तेथे नव्हे, तर वेळणेश्वरसारख्या पुळणीवर, स्थानिक माणसाला विचारून आणि पाणी चढत असताना पोहावे. ओहोटी लागली की मुलांना लगेच बाहेर काढावे.