‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’, मग ३ चा वजा ३ का होत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी सातवीत आहे. ३क्ष + ७ = २२ सोडवताना तिला सांगितलं गेलं की ७ बरोबरच्या चिन्हापलीकडे नेला की वजा होतो. पुढच्या पायरीला ३क्ष = १५ आलं. तिने ३ सुद्धा पलीकडे नेला, चिन्ह बदललं आणि क्ष = १५ − ३ = १२ लिहून मोकळी झाली. वहीत लाल फुली आली. आता ती विचारते, ‘७ चं चिन्ह बदललं, मग ३ चं का नाही?’ आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही.

पोरीचं काही चुकलेलं नाही. जसा नियम शिकवला तसाच तिने वापरला. खोट नियमातच आहे, कारण ७ कुठेही जात नाही आणि ३ ही जात नाही. होतं इतकंच की आपण दोन्ही बाजूंतून ७ वजा करतो. डावीकडे + ७ − ७ होऊन काहीच उरत नाही, उजवीकडे २२ − ७ राहतं. मधली पायरी लिहायचा कंटाळा केला की लांबून बघणाऱ्याला वाटतं, ७ च उडी मारून पलीकडे गेला आणि जाताना वेश बदलून गेला. (‘पक्ष बदलला की चिन्ह बदलतं’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या पोरांच्या चटकन लक्षात राहतं, याला माझ्याकडे इलाज नाही.)

मी काही शाळेतली बाई नाही. हिंदमाताला एका कापडाच्या घाऊक दुकानात हिशेब लिहिते आणि संध्याकाळी परळच्या आमच्या चाळीत गॅलरीत सात-आठ पोरं घेऊन बसते. समीकरण हा शब्द मी पहिले दोन दिवस काढतच नाही. खेळ लावते. ‘मनात एक संख्या धर. तिला ३ ने गुण. त्यात ७ मिळव. किती आले?’ पोरगं म्हणतं २२. मी म्हणते, ‘५ धरली होतीस.’ मग दुसरा, मग तिसरा. दहा मिनिटांत कोणीतरी ओरडतंच, ‘ताई, तुम्ही आधी ७ काढताय!’

हे ‘आधी ७’ महत्त्वाचं आहे, आणि ते मला सासऱ्यांमुळे नीट सांगता आलं. ते मावळातले, चर्चगेट लाइनला डबे टाकायचे. सकाळी अंधेरीत घरोघरी डबे उचलायचे, सायकलवरून स्टेशनात आणायचे, तिथे खुणा बघून ते वेगळे व्हायचे, मग लगेजच्या डब्यातून चर्चगेट, तिथून डोक्यावरच्या पाटीत ऑफिसच्या मजल्यापर्यंत. दुपारी रिकामा डबा घरी परत. परत येताना काय बदलतं? प्रत्येक काम उलटं होतं: चढवला होता तो उतरवायचा, नेऊन ठेवला होता तो उचलायचा. पण कामांचा क्रमही उलटा होतो. सकाळी सर्वांत शेवटी ऑफिसचा मजला होता, दुपारी सर्वांत आधी तोच. मजल्यावरून डबा न उचलता कोणी थेट लोकलमध्ये बसला तर घरी रिकाम्या हाताने जाईल.

आता ३क्ष + ७ = २२ कडे बघा. क्षचा प्रवास कसा झाला? आधी ३ ने गुणलं, मग ७ मिळवले, २२ ला पोचला. परतीला शेवटचं काम आधी सोडवायचं. मिळवले होते, म्हणून ७ वजा: १५. गुणलं होतं, म्हणून ३ ने भाग: ५. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ३ आणि क्ष यांच्यामध्ये बेरीज नव्हतीच, गुणाकार होता. वजाबाकी बेरजेला सोडवते, गुणाकाराला भागाकारच लागतो. ३ च्या आधी अधिकचं चिन्ह दिसत नाही, वजाचंही दिसत नाही, म्हणून मुलं गोंधळतात. ३क्ष मधला गुणाकार छापलेलाच नसतो, तो आपण मनात वाचायचा. तिला पहिला आठवडाभर ३ × क्ष असं पूर्ण लिहायला लावा. अर्धं दुखणं तिथेच बरं होतं.

आधी ३ ने भागलं तर चालत नाही का? चालतं, पण मग सगळ्यालाच भागावं लागतं, ७ लासुद्धा: क्ष + ७/३ = २२/३. उत्तर ५ च येतं, फक्त अपूर्णांकांचा लचांड मागे लागतो. मुलं काय करतात, २२ ला ३ ने भागतात आणि ७ तसाच ठेवून वजा करतात. उत्तर येतं एक तृतीयांश. ते परत घालून बघा: ३ ने गुणलं, १ आला, ७ मिळवले, ८ झाले. २२ कुठे, ८ कुठे! उत्तर परत घालून बघायची सवय लागली की लाल फुली यायच्या आधीच चूक आपली आपल्याला सापडते.

कंसाचंही तेच. २(क्ष − ५) = १८ मध्ये आधी ५ वजा झाले आणि नंतर दुप्पट झाली, म्हणून आधी निम्मे करा, ९ येतील, मग ५ मिळवा, १४. कंस म्हणजे ‘हे काम आधी झालं’ अशी चिठ्ठी, एवढंच.

उलटं जाण्यात खरी ठेच मला लागली ती वर्गात नाही, दुकानात. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, कापडावर ५ टक्के. एक बिल कर धरून ४२,००० चं होतं आणि मूळ किंमत काढायची होती. मी ऐटीत ४२,००० चे ५ टक्के, म्हणजे २,१०० वजा केले आणि ३९,९०० लिहिले. शेठजींनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. ‘याच्यावर ५ टक्के लाव.’ ४१,८९५ आले. ‘माझे १०५ रुपये कुठे गेले?’

गेले कुठे, तर मी चुकीच्या रकमेचे टक्के काढले होते. कर लागला होता मूळ किमतीवर, मी काढला एकूण रकमेवर. ‘५ टक्के वाढवले’ म्हणजे प्रत्यक्षात १.०५ ने गुणले. गुणलं आहे तर परतीला भागायचं: ४२,००० भागिले १.०५, म्हणजे ४०,०००. तुमच्या मुलीने भागायच्या जागी वजा केलं, मी सुद्धा भागायच्या जागी वजाच केलं. फरक इतकाच की मी तेव्हा पस्तिशीत होते.

गंमत म्हणजे या खड्ड्यावर आपल्याकडे फार पूर्वीच पाटी लावून ठेवली आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, विलोमाचा नियम दिला आहे: उत्तरापासून मागे जाताना गुणाकाराचा भागाकार करा, भागाकाराचा गुणाकार, वर्गाचं वर्गमूळ, वर्गमुळाचा वर्ग, अधिकचं उणे, उणेचं अधिक. गुणाकार-भागाकार आणि बेरीज-वजाबाकी उलटवायचं आर्यभटानेही त्याआधी साडेसहाशे वर्षं सांगून ठेवलं होतं. पण भास्कराचार्य पुढे एक बारीक गोष्ट जोडतात: संख्येत तिचाच एखादा भाग मिळवला असेल, तर मागे येताना अंश तोच ठेवा आणि छेदात अंश मिळवा. वजा केला असेल तर छेदातून अंश वजा करा.

माझ्या बिलावर लावून बघा. ५ टक्के म्हणजे एक विसांश. मूळ किमतीत तिचाच १/२० मिळवला. मागे येताना छेद २० + १ = २१. म्हणजे एकूण रकमेचा १/२१ काढा. ४२,००० चा एकविसावा भाग २,०००. मूळ किंमत ४०,०००. हा हिशेब मी आता तोंडी करते.

त्यांनी त्यासाठी दिलेलं उदाहरणही मुलांना द्यायला झकास आहे. एका संख्येला ३ ने गुणलं, आलं त्यात त्याचाच पाऊण भाग मिळवला, ७ ने भागलं, त्यातून त्याचाच तिसरा हिस्सा काढला, जे उरलं त्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, १० ने भागलं, आले २. संख्या कोणती? हे समीकरणाने मांडायला गेलात तर पानभर लागेल. मागून या: २ ला १० ने गुणा, २०. ८ वजा, १२. वर्ग, १४४. ५२ मिळवा, १९६. वर्गमूळ, १४. आता इथे थांबा. तिसरा हिस्सा गेला होता, म्हणून १४ चा तिसरा हिस्सा नाही, छेद ३ − १ = २, म्हणजे १४ चा निम्मा मिळवायचा: २१. ७ ने गुणा, १४७. पाऊण मिळवला होता, छेद ४ + ३ = ७, म्हणून १४७ चे तीन सप्तमांश, ६३ वजा: ८४. ३ ने भागा: २८. आमच्या गॅलरीत हे पहिल्यांदा सुटलं तेव्हा खालच्या मजल्यावरून ‘आवाज कमी करा’ म्हणून ओरडा आला होता.

मागे जाणं सगळीकडे चालत नाही, हेही तिला सांगून ठेवा, नाहीतर महिन्याभराने दुसरा प्रश्न घेऊन याल. ५क्ष − ४ = २क्ष + ११ मध्ये क्ष दोन्हीकडे बसला आहे. परतीची वाट एक नाही, दोन आहेत, मग उलटं कुठून निघणार? इथे आधी दोन्ही बाजूंतून २क्ष वजा करून त्याला एका बाजूला आणायचं, ३क्ष − ४ = ११ होतं, आणि मग नेहमीची वाट: ४ मिळवा, ३ ने भागा, ५. ‘दोन्ही बाजूंना तेच करा’ हे तराजूचं तत्त्व पहिल्यापासून पाठ हवं ते यासाठीच. नुसतं ‘उलटं जा’ एवढ्यावर पुढचं बीजगणित पेलत नाही.

आणि एक वाट तर कायमची बंद असते. मनातल्या संख्येच्या खेळात मागच्या वर्षी एका कार्ट्याने मलाच अडकवलं. म्हणाला, ‘मी शून्याने गुणलं, १२ मिळवले, १२ आले. ओळखा.’ मी १२ वजा केले, शून्य आलं, आणि पुढे? त्याने ४ धरली असेल, ९०० धरली असेल, सगळ्यांचं शून्यच होतं. शेजारची मुलगी म्हणाली, ‘ताई, डब्यावरची खूणच पुसली.’ शून्याने भागत का नाहीत, ते मला त्यानंतर वेगळं शिकवावं लागलं नाही.

आज जेवणं झाली की तिला २० − क्ष = १३ द्या. वजा दिसतो म्हणून ती २० मिळवेल आणि ३३ म्हणेल. रागावू नका, ३३ परत घालून बघायला सांगा: २० − ३३ म्हणजे −१३, १३ नाही. मग विचारा, क्षचं नक्की काय झालं? क्षमधून २० गेले नाहीत, २० मधून क्ष गेला. दोन्ही बाजूंना क्ष मिळवायला सांगा. २० = १३ + क्ष झालं की पुढचं तिला सांगावं लागणार नाही.