पतित देवदूतांवरची कादंबरी: पंखांआधी गुन्हा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वर्गातून हाकललेल्या देवदूतावर डार्क फँटसी लिहिताय. नायकाला काळे पंख आहेत, एका मानवी मुलीवर त्याचं प्रेम आहे, पुढे स्वर्गाशी युद्ध आहे. वाचणारे मात्र "छान आहे, पण आधी वाचल्यासारखं वाटतं" म्हणतात, आणि रक्तपात वाढवूनही अंधार काही अंगावर येत नाही. शिवाय तीन भाग करावेत का आणि कुणाच्या श्रद्धेला धक्का बसेल का, हेही विचारलंत.

तुम्ही दिलेला सारांश आणि पहिली तीन प्रकरणं वाचली. भाषेवर तुमची पकड आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच ठिकाणी. नायकाने नेमकं काय केलं म्हणून त्याला हाकललं? सारांशात फक्त "त्याने बंड केलं" एवढंच आहे. कशासाठी बंड केलं, त्यात कुणाचा विश्वासघात झाला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे ठरत नाही तोवर पंख काळे असोत की पांढरे, तो घरच्यांवर रुसून निघालेला देखणा तरुणच राहणार.

जुन्या ग्रंथांमध्ये पतनाच्या कथा निदान दोन आहेत आणि बहुतेक नवे लेखक त्यांची खिचडी करतात. एक अहंकाराची आणि युद्धाची. बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात आकाशातून पडलेल्या पहाटेच्या ताऱ्याला उद्देशून ओळी आहेत. मुळात तो बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या राजाला मारलेला टोमणा. सैतानाचं पतन त्यात नंतरच्या ख्रिस्ती भाष्यकारांनी वाचलं. त्याला बायबलच्याच प्रकटीकरण या पुस्तकाच्या 12व्या अध्यायातलं मीखाएल हा देवदूत आणि अजगर यांचं युद्ध जोडलं गेलं आणि आज पडद्यावर दिसतो तो सैतान तयार झाला. ही कथा इतकी वापरून झाली आहे की तिच्यात नवीन काही करायचं तर प्रचंड ताकद लागते. तुमचं "वाचल्यासारखं वाटतं" तिथूनच येतंय.

दुसरी कथा मला कितीतरी जास्त काळी वाटते. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात याबद्दल चारच वचनं आहेत: देवपुत्रांना मानवकन्या आवडल्या, त्यांनी त्यांना बायका करून घेतलं, त्या काळी पृथ्वीवर महाकाय होते. एवढंच. हनोख या बायबलमधल्या पूर्वजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन यहुदी ग्रंथात याची पूर्ण कथा होते. हा ग्रंथ अखंड स्वरूपात फक्त गीझ या इथिओपियाच्या प्राचीन भाषेत टिकला आणि इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च त्याला पवित्र शास्त्राचा भाग मानतं. विसाव्या शतकात मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये त्याचे अरामी तुकडेही सापडले. लेखकाने तो एकदा सावकाश वाचावाच.

त्यात 200 देवदूत, ज्यांना 'पहारेकरी' म्हटलंय, हर्मोन पर्वतावर उतरतात. त्यांचा म्होरक्या शेमिहाजा. तो बाकीच्यांना काय म्हणतो पाहा: मला भीती वाटते की ऐनवेळी तुम्ही माघार घ्याल आणि एवढ्या मोठ्या पापाची शिक्षा मी एकटाच भोगत बसेन. मग सगळे मिळून शपथ घेतात. म्हणजे गुन्ह्याआधीच त्याला ठाऊक आहे की हा गुन्हा आहे, आणि त्याची सगळी धडपड साथीदार अडकवण्यासाठी आहे. तुमच्या नायकाच्या तोंडी स्वातंत्र्यावरची दोन पानांची भाषणं आहेत. त्यातून कळत नाही ते या एका वाक्यातून कळतं.

पुढे ते माणसांना विद्या शिकवतात. अझाझेल तलवारी, सुऱ्या, ढाली, चिलखतं करायला शिकवतो; दागिने आणि डोळे रंगवण्याची कलाही त्याचीच. कुणी मंत्र आणि मुळ्या, कुणी ताऱ्यांचे संकेत, कुणी ढगांचं ज्ञान. याच ग्रंथात पुढे पेनेमुए नावाच्या एकावर तर शाई आणि कागदाने लिहायला शिकवल्याचा आरोप आहे! आपण सगळे त्याचेच शिष्य म्हणायचे. गंमत सोडा, पण जादूची व्यवस्था शोधत बसलेल्या लेखकाला याहून चांगला पाया कुठे मिळणार? प्रत्येक पतिताकडे एकच विद्या, आणि ती दिल्यावर तिच्यावर त्याचा ताबा उरत नाही. हाताच्या ठिणग्यांपेक्षा हे केव्हाही बरं.

आणि मुलं. त्या संबंधांतून महाकाय जन्मतात, माणसांनी पिकवलेलं सगळं खातात, ते संपल्यावर माणसं खातात. शिक्षा अशी की त्या मुलांनी आपसात लढून मरायचं आणि बापांनी ते पाहायचं. त्यानंतर बापांना 70 पिढ्या जखडून ठेवायचं. अझाझेलला राफाएल हा देवदूत हातपाय बांधून वाळवंटातल्या खळग्यात टाकतो, वर धारदार खडक रचतो आणि त्याचा चेहरा झाकतो, उजेड दिसू नये म्हणून. तुम्ही तिसऱ्या प्रकरणात चाळीसएक माणसं कापली आहेत, पण वाचकाला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही. इथे मुलांचा मृत्यू पाहायला लावलेला एक बाप आहे, आणि तो निर्दोष नाही. डार्क फँटसीतला अंधार मला यात दिसतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग पुढेच आहे. शरमेने त्या पहारेकऱ्यांना स्वर्गाकडे डोळे वर करून पाहता येत नाही, बोलता येत नाही. म्हणून ते हनोखाला, एका माणसाला, आपल्यासाठी दयेचा अर्ज लिहायला सांगतात. तो लिहितो, पाण्याकाठी बसून वाचतो, वाचता वाचता झोपी जातो. उत्तर येतं ते नकाराचं, आणि वर सुनावणी: माणसांसाठी रदबदली तुम्ही करायची, तुमच्यासाठी माणसांनी नव्हे.

तुमच्या नायिकेला प्रेयसी ठेवायची तर ठेवा, पण तिच्या हातात लेखणी द्या. ती त्याचा अर्ज लिहिणारी असेल तर त्याने काय केलं ते तिला सविस्तर ऐकावं लागेल, काय गाळायचं ते ठरवावं लागेल, आणि कधीतरी तिला कळेल की तिच्या घरच्यांच्या मरणाचा धागा याच देवदूतापर्यंत जातो. कादंबरी तिच्या नजरेतून लिहा. देवदूताच्या डोक्यात शिरून लिहिलं की तो हमखास माणूस होऊन बसतो.

इथे तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागेल. तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनस म्हणतो की देवदूताला जे कळतं ते एकदम पूर्ण कळतं, म्हणून त्याची निवड पालटू शकत नाही; पतिताला पश्चात्ताप होतच नाही. हनोखाच्या ग्रंथातले पहारेकरी मात्र रडतात, भाकतात, फक्त त्यांचं ऐकलं जात नाही. पस्तावा अशक्य, की पस्तावा आहे पण दार बंद? या दोन वेगळ्या कादंबऱ्या आहेत. मी दुसरी निवडेन, कारण आपल्या वाचकाच्या मनात शाप आणि उःशाप जोडीनेच येतात. जय-विजय वैकुंठातून पडले तरी तीन जन्मांनी परत जाणार हे ठरलेलं असतं. तुमचा वाचकही नकळत त्या उःशापाची वाट पाहील. त्याला शेवटपर्यंत वाट पाहू द्या, आणि तो देऊ नका.

दिसण्याबद्दल थोडंच. यशयाच्या 6व्या अध्यायातल्या सराफीम नावाच्या स्वर्गीय जीवांना सहा पंख आहेत आणि त्यातल्या दोनांनी ते स्वतःचं तोंड झाकतात. बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या दर्शनात चार तोंडांचे प्राणी आणि डोळ्यांनी भरलेली चाकं आहेत. बायबलमध्ये देवदूत कितीदा तरी "भिऊ नको" म्हणूनच बोलायला सुरुवात करतो. तुमचा पतित हे वाक्य कधीच म्हणत नाही, एवढं जरी केलंत तरी चालेल. आणि कृपा करून "हे मर्त्य मानवा" काढा. संस्कृतप्रचुर बोलला की देवदूत पौराणिक मालिकेतला होतो. त्याला साधं, तुटक बोलू द्या.

पहिल्या प्रकरणात मुलगी पंख पाहून थिजते, त्याजागी समजा असं काही आलं:

लोहाराच्या नातवाने पातं त्याच्यापुढे धरलं. "आजोबा सांगायचे, ही धार तुम्ही दाखवलीत."
त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. त्याने शिकवली होती त्याहून ही धार चांगली होती. मुठीजवळ बारीक खाचा होत्या, ओळीने.
"या कशाच्या?"
पोराने खाली पाहिलं. "मोजायला."

ओबडधोबड आहे, पण गुन्हा, काळ आणि किंमत तिन्ही आली आणि पंखांचा उल्लेखही करावा लागला नाही.

श्रद्धेचं म्हणाल तर हे जिवंत धर्मांचं साहित्य आहे, तेव्हा काय कुठून घेतलं याचं भान ठेवा. विशेषतः इस्लामी परंपरा यात सरसकट ओढू नका. कुराणाच्या 18व्या सुरेत इब्लीस, म्हणजे तिथला सैतान, जिन्नांपैकी असल्याचं म्हटलंय, आणि बाबेलमधले हारूत-मारूत हे दोन देवदूत "आम्ही केवळ परीक्षा आहोत" असं आधी बजावूनच शिकवतात. त्यांना तुमच्या सैन्यात भरती केलंत तर चुकेल. स्वतःच्या विश्वाला स्वतःची नावं दिलीत तर निम्मा प्रश्न सुटतो आणि हातही मोकळा राहतो.

तीन भाग आत्ता नकोत. अर्ज लिहायला घेतल्यापासून त्याचं उत्तर येईपर्यंतचा काळ एका कादंबरीला पुरेसा आहे. स्वर्गावरची स्वारी बाजूला ठेवा. पहिला मसुदा पूर्ण झाल्यावर तिची गरज वाटली तर बघता येईल. नवं पहिलं प्रकरण झालं की इथेच टाका, वाचतो.