दोन वर्षं झाली की दोन वर्षांपूर्वी?

प्रश्न : भाषांतर करताना स्पॅनिशमधलं ‘आसे दोस आन्योस’ इंग्रजीत कधी ‘टू इयर्स अगो’ होतं, कधी ‘फॉर टू इयर्स’. ओळखायचं कसं?

उत्तर : क्रियापदाचा काळ पाहा. ‘आसे दोस आन्योस के बिबो आकी’ यात ‘बिबो’ वर्तमानकाळी आहे, म्हणजे राहणं अजून चालू : ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स’. तिथे ‘येगे’ (पोहोचलो) असा भूतकाळ आला, की ‘अगो’. आपणही ‘दोन वर्षांपासून राहतो’ असंच म्हणतो. त्यामुळे अर्थ चटकन कळतो, पण नेमकं त्यामुळेच हात ‘आय लिव्ह’ लिहून जातो. ‘देस्दे आसे’ (‘देस्दे’ म्हणजे ‘पासून’) पाहून ‘सिन्स’ लिहू नका. कालावधीपुढे ‘फॉर’च.

प्रश्न : ‘किन्से दीआस’ म्हणजे ‘फिफ्टीन डेज’ ना?

उत्तर : बोलण्यात बहुधा ‘टू वीक्स’. तसंच ‘ओचो दीआस’ म्हणजे ‘अ वीक’. आपलं ‘आठ दिवसांनी ये’ आठवा. करारातली मुदत असेल तर मात्र आकडा हलवू नका.

आकड्यांत खरा घात ‘बियोन’ हा स्पॅनिश शब्द करतो. तो इंग्रजी बिलियन नव्हे, ट्रिलियन : १ वर १२ शून्यं. बिलियनला स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’ म्हणतात. इथली चूक हजारपटीची!